दात न लावता

३ सप्टेंबर, गुरुवार

आइस्क्रीमच्या वेफरच्या चकत्या कापून अंगठा दुखतोय. औषधाच्या बाटलीचं झाकण बरोबर मापाचं निघालं. निम्म्या चकत्या मोडल्या, त्या धाकट्या नातीने, पुरवणीने फस्त केल्या.

थोरलीचा, खारीचा, पहिला ख्रिस्तप्रसाद ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. चर्चमधल्या पवित्र चकतीच्या जागी वेफर घेऊन आजपासून सराव. मी फादर. खार समोर हात जोडून. तिच्या मागे रांगेत पुरवणी. ती चार वर्षांची, तिची पाळी यायला अजून अवकाश आहे, पण रांग दिसली की ती उभी राहतेच. (मुलगा वर्तमानपत्राच्या छापखान्यात. दुसरी मुलगी झाली तेव्हा म्हणाला, "मुख्य अंक आला, आता ही पुरवणी." तेच नाव पडलं.)

मी म्हटलं, "ख्रिस्ताचे शरीर." खार म्हणाली, "आमेन." जीभ बाहेर काढली, चकती घेतली आणि कुरुमकुरुम! आठ वर्षांची झाली तरी तोंड सतत चालू. गाजर, काकडी, पेन्सिलीचं टोक, फ्रॉकची कॉलर. उगाच नाही आम्ही तिला खार म्हणत.

मला एकदम खडू सिस्टर आठवल्या. कॉन्व्हेंटात त्यांच्या बाह्यांवर कायम खडूची पूड असायची. तो लांबलचक वर्ग, फरशीच्या पॉलिशचा वास, पांढऱ्या बुटांना आम्ही चोळलेला खडू. आणि सिस्टरांचा तो हळू केलेला आवाज: "ख्रिस्तप्रसादाला दात लावायचा नाही. जिभेवर ठेवायचा, विरघळू द्यायचा. एका मुलीने चावला होता. तिचं तोंड रक्ताने भरलं. रुमालात मावेना."

हे सगळं मी मुलींना सांगितलं, अगदी सिस्टरांच्या आवाजात. दोघींचे डोळे एवढाले झाले. खारीने दुसरी चकती घेतली आणि तोंड मिटून मूर्तीसारखी उभी राहिली. चकती विरघळेपर्यंत हलली नाही.

किती दिवसांनी असं शिकवल्याचं समाधान वाटलं.

८ सप्टेंबर, मंगळवार

खारीच्या पेन्सिलीचं टोक शाबूत. कॉलर कोरडी. सूनबाईने सकाळी गणित घेताना पाहिलं, मला म्हणाली, "आई, तुम्ही काय जादू केलीत?" मी आपलं मिरवून घेतलं.

ह्या घरातली शाळा म्हणजे सूनबाईचीच कल्पना. गणित-विज्ञान तिचं, अकरापर्यंत. मग ती चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. भाषा आणि धर्मशिक्षण माझं. श्रद्धा घरातल्या घरात रुजावी, तासाच्या घंटेवर नव्हे, असं ती म्हणते. मुलाला हे फारसं पटलेलं नव्हतं. तो गप्प बसला एवढंच.

१२ सप्टेंबर, शनिवार

खारीने गाजर ताटातच ठेवलं. भाजीही. दूध प्यायली. दुधात पाव इतका वेळ भिजवला की त्याचा लगदा झाला, तो चमच्याने घेतला.

"दात आलेत ना तुला? का आजीचे उसने हवेत?" मुलगा म्हणाला.

ती हसली नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार

आजही तेच. केळं कुस्करून. बटाटा कुस्करून. सूप. एकेक घास तोंडात धरून बसते आणि मग गिळते. पाणी पिऊन गिळते. विचारलं तर "भूक नाही."

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी ताटात उरायला लागलं.

नाही. आज हे लिहायचं नाही.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरांकडे नेलं. पोट दाबून पाहिलं, घसा पाहिला, बॅटरी मारून तोंड पाहिलं. वजन उतरलंय. रक्त तपासायला सांगितलंय. "खालचा दात हलतोय बहुतेक," म्हणाले, आणि बोट लावायला गेले तर खार किंचाळून खुर्चीतून उतरली. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात तोंडावर. एवढी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नाही.

सूनबाई परतताना हलकी झाली होती. "दात हलतोय हो, आई. दुखत असेल, म्हणून खात नाही. पडला की सगळं ठीक."

हलत्या दाताने पोर एवढी वाळते? मुलाचे दात पडले तेव्हा तो हलत्या दाताने ऊस सोलायचा.

२२ सप्टेंबर, मंगळवार

शिक्षण कार्यालयातल्या बाई येऊन गेल्या. घरी शिकणाऱ्या मुलांना पाहायला त्या अधूनमधून येतात. सूनबाईने सुट्टी घेतली होती. मी टेबलावर धुतलेलं कापड घातलं.

खारीने उतारा वाचला, भागाकार केला, पृथ्वी कशी फिरते ते संत्रं घेऊन दाखवलं. बाई खूश होत्या. मग खार मध्येच टेबलावर डोकं ठेवून म्हणाली, "मी जरा बसू का?" ती बसलेलीच होती.

बाईंनी वही मिटली. "बाळ, तू जेवतेस ना नीट?"

खार माझ्याकडे बघायला लागली. बाईही माझ्याकडे.

संध्याकाळी मुलाला हे कळलं. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट. "आई, मी इतके दिवस काही बोललो नाही. पण घरात कोंडून पोर सुकवलीत तुम्ही दोघींनी. हा महिना बघतो. सुधारली नाही तर दोघी शाळेत. मग तुमचं धर्मशिक्षण रविवारी करा."

"शाळेत गेली की जेवेल का?" सूनबाई म्हणाली.

"निदान तिथे चार मुलं डबे खाताना दिसतील. इथे दिसतं काय? रोझरी आणि भागाकार."

सूनबाई भांडी घासत रडत होती. मी पुसायला उभी राहिले. 

मला शाळेची भीती नाही. मी स्वतः शाळेत शिकले आणि तिथे सुखी होते. भीती वेगळीच आहे. घरातून सकाळी दोन्ही आवाज गेले, की मी आणि ही बंद दारं. आणि त्याहून मोठी: खारीला शाळेत जायलासुद्धा वेळ मिळाला नाही तर?

२७ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सेत काही ऐकू आलं नाही. एकच म्हणत बसले: मला ने. माझं सगळं झालंय. तिला ठेव.

३० सप्टेंबर, बुधवार



दुपारी मी खारीचे केस विंचरत होते. मानेचं हाड हाताला लागलं. ती पाठमोरीच म्हणाली, "आजी, एखाद्याच्या तोंडात आधीपासूनच रक्त असेल तर?"

"तर काय?"

"तर त्याला ख्रिस्तप्रसाद घेता येतो?"

मी तिला वळवलं. "कुठे रक्त आलं? कधी? खोकताना?"

"कुठे नाही."

"खरं सांग."

"मी नुसतं विचारलं." आणि ओठ घट्ट मिटले.

ती खेळायला गेल्यावर तिची उशी पाहिली. अभ्र्यावर एक डाग. लहान. कडेला तपकिरी झालेला.

माझ्या बहिणीच्या रुमालावर असेच डाग पडायचे. आधी लहान. आई ते गरम पाण्यात भिजवायची आणि आम्हाला त्या खोलीत जाऊ द्यायची नाही.

सूनबाईला दुकानात फोन केला. ती अर्ध्यातून आली. अभ्रा हातात घेऊन खिडकीपाशी किती वेळ उभी होती.

३ ऑक्टोबर, शनिवार

छातीचा फोटो स्वच्छ. रक्त ठीक, थोडं कमी. डॉक्टर म्हणाले, "आजी, हे सगळं तुमच्या मनात आहे. डाग दाताचाच." त्यांना मान हलवून हो म्हटलं.

माझ्या मनात आहे, तर ती का वाळतेय?

७ ऑक्टोबर, बुधवार

सगळं कळलं. 

मी जेवणाच्या टेबलाशी कपड्यांच्या घड्या घालत होते. टेबलाखाली पुरवणीचा खेळ चालला होता. बाहुली आडवी, बाहुलीच्या तोंडावर कोटाचं बटण. पुरवणी जाड आवाज काढून म्हणाली, "ख्रिस्ताचे शरीर." मग बारीक आवाजात, "आमेन." मग एकदम तिच्या स्वतःच्या आवाजात, बाहुलीला दटावत:

"चावायचं नाही हं. चावलं की रक्त येतं. रुमालात पण मावत नाही. ताईकडे बघ. ताई कध्धी काहीच चावत नाही. ती सवय मोडतेय."

माझ्या हातात मुलाचा शर्ट होता. मी तशीच खाली बसले, टेबलाच्या पायाला धरून.

"कोणती सवय मोडतेय ग ताई?"

"चावायची," पुरवणी म्हणाली. मला एवढंही कसं कळत नाही, असं तिला वाटलं असावं. "त्या दिवशी चुकून दात लागला तर? म्हणून आधीपासून."

गाजर नाही. पेन्सिल नाही. भाजी नाही. महिनाभर पोर जबडा धरून जगतेय. आणि त्यात तो हलता दात: रोज थोडं रक्त तोंडात. काही चावलं नाही तरी रक्त. तिला काय वाटलं असेल?

खडू सिस्टरांचा आवाज किती छान काढला होता मी.

८ ऑक्टोबर, गुरुवार

खारीला मांडीवर घेतलं. आता ती मांडीत मावते, तेही मला सोसत नाही. म्हटलं, "बाळ, ती नुसती गोष्ट होती. सिस्टर आम्हाला घाबरवायच्या. तसं काही होत नाही."

ती माझ्या बांगडीशी खेळत होती. "तुला कसं माहीत?"

"माहीत आहे."

"तू चावलंयस कधी?"

मी तिच्या फ्रॉकची कॉलर सारखी केली.

"आजी, तू एकदा तरी चावलंयस?"

"नाही."

"बघ," ती म्हणाली. भांडून नाही. उत्तर जुळलं की भागाकाराखाली रेघ मारते ना, तसं.

संध्याकाळी मुलाला आणि सुनेला सांगून टाकलं. सूनबाई आत जाऊन खारीला मिठी मारून बसली. मुलाच्या संतापाची मी वाट बघत होते. तो म्हणाला, "मलाही सांगितली होतीस ही गोष्ट. मी आठ वर्षांचाच होतो."

मग तो जेवला आणि कामावर गेला. त्याने इतक्या वर्षांत कधी चावलं असेल का, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

११ ऑक्टोबर, रविवार

मिस्सेनंतर फादरांकडे गेलो. फादर तरुण आहेत, बुटाची नाडी कायम सुटलेली. ते खारीसमोर पायरीवर बसले.

"मी वेदीवर काय म्हणतो ग? घ्या आणि काय करा?"

"खा."

"हं. गिळा म्हणतो?"

"नाही."

"चोखा म्हणतो?"

खारीला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदा. "नाही."

"मग झालं तर. जेवणाला बोलावलंय, तर जेवायचं. मी तर रोज चावतो. हे बघ, सगळे दात." आणि तोंड वासून दाखवलं. दोन दातांत चांदी होती.

मी मागे उभी. इतकी वर्षं दर रविवारी तो शब्द ऐकला आणि ऐकलाच नाही. खा.

खारीने त्यांचे दात नीट पाहिले. मग म्हणाली, "पण आजी चावत नाही."

फादरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"आजींचं आजी बघतील," ते म्हणाले.

पण खार त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्यावर होती.

१४ ऑक्टोबर, बुधवार

दात पडला. आपोआप, सूप पिताना. वाटीत लाल धागा पसरला. खार किंचाळली नाही, रडलीही नाही. पांढरीफटक पडली. "मी चावलं नव्हतं. आजी, मी खरंच चावलं नव्हतं."

सूनबाईने कापूस दिला. दात धुऊन तिच्या तळहातावर ठेवला. "अगं, सगळ्यांचेच पडतात. बाबाला विचार."

"मी ख्रिस्तप्रसाद घेणार नाही," खार म्हणाली. "माझ्या तोंडात भोक आहे."

मुलगा दारात उभा होता. शाळेचा विषय त्याने काढला नाही. नुसता बघत होता, माझ्याकडे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सगळे बाहेर गेल्यावर उरलेल्या चकत्यांचा डबा काढला. आइस्क्रीमचा वेफर. दुकानातला. त्यावर काही प्रार्थना नाही, काही नाही. एक जिभेवर ठेवली आणि स्वतःला म्हटलं, चाव.

जबडा हलेना. घाम फुटला. कपाट, मिक्सर, ओटा, दुधाची पिशवी, सगळं रोजचं दिसत होतं आणि मी म्हातारी बाई तोंडात वेफर धरून चोरासारखी उभी. शेवटी विरघळला.

मग मी लेकराला काय सांगू?

२१ ऑक्टोबर, बुधवार

हे कधी कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. पण रविवार जवळ आलाय आणि कागदाशिवाय आहे कोण.

धाकटी माझ्याहून वर्षाने लहान. आमचा पहिला ख्रिस्तप्रसाद एकाच दिवशी झाला. आईने एकाच कापडाचे दोन फ्रॉक शिवले होते. बाकावर परत येऊन बसल्यावर ती माझ्या कानाशी लागली. तोंडाला लिंबाच्या गोळीचा वास येत होता. म्हणाली, "थोडंसं चावलं मी. काही होत नाही ग."

आणि खूप हसली. तिला हसू आवरायचं नाही, कुठेही.

पुढच्या थंडीत ती खोकायला लागली. मग ते रुमाल.

तो क्षय होता. आमच्या गल्लीत त्या वर्षी आणखी दोघं गेली, आणि ती मोठी माणसं होती. हे मला पाठ आहे. कुणी विचारलं तर मी डॉक्टरांसारखं समजावून सांगेन. पण डोक्याला माहीत असून जबड्याला माहीत नाही. दर रविवारी मी जीभ टाळूला लावून उभी राहते आणि ती हसते, "काही होत नाही ग."

झालं ना.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

खार आज फादरांकडे पापनिवेदनाला गेली. बाहेर आली तेव्हा नाक लाल, पण चेहरा मोकळा. मला म्हणाली, "घेणार मी. पण फादरांना एक विचारलं. ते हो म्हणाले."

"काय विचारलंस?"

"आधी आजी. मग मी."

"अगं, त्या दिवशी मुलं आधी असतात. आजी-आजोबा शेवटी."

"ते म्हणाले, चालेल. तू पुढे उभी राहा आणि घेऊन झालं की माझ्याकडे वळ. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

तिने स्वतःच्या गालाला बोट लावलं. जबड्याच्या हाडापाशी.

२४ ऑक्टोबर, शनिवार

फ्रॉक दंडातून आत घ्यावा लागला. सूनबाई टाके घालत होती, मी दोरा ओवून देत होते. पुरवणीला मागे धरायला मेणबत्ती हवी. मुलगा म्हणाला, "पुरवणी फुकटच असते, तिला वेगळं काही नाही." ती रुसली, मग त्यानेच आणून दिली.

सगळे हसत आहेत. मीही हसले.

काय काय होऊ शकतं ते मनात येतं. मी तिथे पोहोचेन आणि जबडा हलणार नाही. ती बघेल. मग ती आयुष्यभर असंच धरून बसेल, कारण आजीने वळून दाखवलं की भीती खरी आहे. किंवा मी चावेन आणि... पुढचं लिहवत नाही. लिहवत नाही, पण येतं मनात. मी चावेन, आणि ते माझ्यावर येणार नाही. तेव्हाही घरात सगळ्यांत लहान होती तीच गेली; आता सगळ्यांत लहानगीवर, पुरवणीवर येईल.

देवा, ही कसली भक्ती घेऊन मी तुझ्यापुढे येत राहिले? तुझी कधी भीती वाटली नाही. तुझ्या जेवणाची वाटली.

२५ ऑक्टोबर, रविवार

चावलं.

एवढुसा आवाज झाला. वळले. खार माझ्या गालाकडे बघत होती, मी तिला दिसेल असं पुन्हा चावलं. मग तिची पाळी. दाताच्या भोकातून हसत तिनेही चावलं, खारीसारखं, भराभर. बाकावर येऊन माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "काही होत नाही, आजी."

दुपारी तिने गाजर मागितलं. आम्ही सगळे तिचा आवाज ऐकत बसलो.

ख्रिस्तप्रसादाला चव असते. गव्हाची. मला माहीतच नव्हतं.